‘कुंभार’ आडनाव आणि कुंभारांच्या नावाची गावे: नाते किती, योगायोग किती?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आडनाव कुंभार, चार पिढ्या सांगली जिल्ह्यात, पण घरात कोणी चाकावर बसल्याचे आज कुणालाही आठवत नाही. आजोबा मात्र ‘आपण घाटाखालचे’ असे म्हणत. नकाशावर मात्र कुंभार्ली, कुंभारगाव, कुंभारी, कुंभार पिंपळगाव आणि खाली गोव्यात कुंभारजुवे अशी नावे दिसतात. यांपैकी आपले मूळ गाव कोणते? आणि सगळे कुंभार एकाच घराण्यातून पांगले का?

मोडी कागद आणि वंशावळी वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या आडनावांच्या रूपात वारंवार येतो. दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे: नाही, एका घराण्यातून नाही. पहिल्या भागाचे उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते. नाव जुळते म्हणून ते गाव तुमचे ठरत नाही. माझ्या मते तर हे नावाचे साम्य उलट दिशेला बोट दाखवते. असे का, ते जरा सविस्तर सांगतो.

आडनाव काय किंवा गावाचे नाव काय, ते वेगळेपण सांगण्यासाठी पडते. शंभर उंबऱ्यांच्या गावात शेतकरी साठ घरे, सुताराचे एक, लोहाराचे एक, कुंभाराचे एक किंवा दोन. तिथे ‘कुंभार’ म्हटले की कोण ते लगेच कळते, म्हणून तिथे हे आडनाव चिकटते. ज्या वस्तीत वीस-पंचवीस घरे कुंभारांचीच आहेत तिथे या शब्दाने कोणाचीच ओळख पटत नाही. तिथली माणसे एकमेकांना जाधव, शिंदे, चव्हाण अशा कुळाच्या नावाने ओळखतात. पण त्याच वस्तीला शेजारचे गाव ‘कुंभारवाडी’ म्हणू लागते, कारण आजूबाजूच्या वस्त्यांपासून ती त्याच कारणाने वेगळी असते. म्हणजे गावाला कुंभारांचे नाव मिळते ते कुंभार पुष्कळ असल्यामुळे, आणि माणसाला कुंभार हे आडनाव मिळते ते तो गावात एकटा-दुकटा असल्यामुळे. दोन्ही नावांचा शब्द एक असला तरी ती पडण्याची परिस्थिती परस्परविरुद्ध आहे.

शहरांतल्या कुंभारवस्त्यांकडे पाहिले की हे लगेच पटते. पुण्याच्या कसब्यात कुंभारवेस आहे, सोलापुरातही कुंभार वेस आहे. मुंबईत धारावीतला कुंभारवाडा सगळ्यांना माहीत आहे. तो वसवला सौराष्ट्रातून आलेल्या कारागिरांनी. घरात गुजराती बोलणाऱ्या या कुटुंबांचे मराठी मुलखातल्या कुंभार आडनावाच्या घरांशी कुळाचे काही नाते नाही. कोलकात्यात दुर्गेच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेली कुमारटुली म्हणजे कुंभारांचीच वस्ती, पण तिथल्या मूर्तिकारांचे आडनाव बहुधा ‘पाल’ असते.

आता शब्दाकडे वळू, कारण सगळे कुंभार एक का नाहीत याचे उत्तर त्यात आहे. संस्कृतातल्या ‘कुंभकार’मधला मधला ‘क’ प्राकृतात गळला, ‘कुंभआर’ झाले आणि पुढे कुंभार. सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार आणि चर्मकाराचा चांभार झाला तो याच वाटेने. हा बदल एका गावात झालेला नाही. उत्तर आणि पूर्व हिंदुस्थानातल्या बोलींनी तो आपापल्या वळणाने केला: हिंदीत कुम्हार, गुजराती आणि ओडियात कुंभार, बंगालीत कुमोर. कन्नडमध्ये कुंबार आणि तेलुगूत कुम्मरी आहे. पश्चिम ओडिशात आज तुम्हाला ‘कुंभार’ आडनावाची भरपूर माणसे भेटतील. त्यांच्या आणि तुमच्या पूर्वजांत फक्त एक गोष्ट समान होती: दोघेही मातीची भांडी घडवत.

सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी कन्नडच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. सीमाभागात ‘कुंबार’ आणि ‘कंबार’ अशी दोन आडनावे शेजारी नांदतात. पहिल्याचा अर्थ कुंभार, दुसऱ्याचा लोहार. ज्ञानपीठ मिळालेले कन्नड लेखक चंद्रशेखर कंबार हे बेळगाव जिल्ह्यातले, आणि त्यांचे आडनाव दुसऱ्या प्रकारचे. इंग्रजीत लिहिलेल्या जुन्या यादीत या दोन नावांत एका अक्षराचाच फरक राहतो, आणि तो कारकुनाच्या हस्ताक्षरात सहज बुडतो. अशा यादीवर विसंबून वंशावळ जोडू नका.

या मुलखात कुंभारांचे अस्तित्व किती जुने, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी एका उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवली, असे तो सांगतो. त्यांतली एक श्रेणी ‘कुलरिक’ लोकांची, आणि अभ्यासक तिचा अर्थ कुंभारांचा संघ असा लावतात. तिच्याकडे हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले होते. मला हा लेख फार मोलाचा वाटतो. ज्यांच्या हाती धर्मादायाची रक्कम कायमची सोपवावी, इतकी या कारागिरांची पत होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: तिथे शब्द कुंभार नाही. किनारपट्टीवर मंगळूरकडे आजही ‘कुलाल’ हे आडनाव आहे, आणि संस्कृतात कुलाल म्हणजे कुंभारच. धंदा एक, नावे अनेक. म्हणून आडनाव वेगळे असलेले घरही मुळात तुमच्याच व्यवसायातले असू शकते.

नावामागे धंदा लावण्याची रीत संतांच्या काळात स्पष्ट दिसते. तेरचे गोरा कुंभार, अरणचे सावता माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार, आणि सेना न्हावी. तेर म्हणजे प्राचीन तगर, तेरणेच्या काठचे गाव. तिथल्या उत्खननांत सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आणि भांडी विपुल मिळाली आहेत, म्हणजे गोरोबांच्या हजार-बाराशे वर्षे आधीपासून तिथे मातीकाम चालू होते. पण गोरोबांच्या नावातले ‘कुंभार’ आजच्या अर्थाने आडनाव नव्हे. संतमेळ्यात थापटण्याने डोकी वाजवून कोण पक्के, कोण कच्चे हे सांगणाऱ्या गोरोबांची ती ओळख होती. तो शब्द कुटुंबाच्या नावाचा कायमचा भाग होणे हे फार पुढचे प्रकरण आहे.

ते प्रकरण बलुत्याशी आणि नंतर सरकारी रकान्यांशी जोडलेले आहे. बलुतेदार कुंभार वर्षभर गावाला मडकी, रांजण, पणत्या, सुगडी, नवरात्राचे घट पुरवायचा. आमच्याकडे बेंदराला मातीचे बैल घरोघरी पोचवायचा. सुगीला खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळायचा, आणि काही गावांत कसायला इनाम जमीनही असायची. हा हक्क वंशपरंपरेचा. घर वाढले, तीन-चार भाऊ झाले की एका गावाच्या वाट्यात सगळ्यांचे पोट भरत नसे. मग एक भाऊ ज्या गावात कुंभार नाही तिथे जाई. त्या गावात तो पहिल्या दिवसापासून ‘कुंभार’. तो फार लांब जात नसे. ओळखीचा बाजार, सोयरीक आणि चांगली माती जिथे असेल तिथेच जाई. म्हणून माझा सल्ला नेहमी असा असतो की भावकी शोधायची तर आधी आपल्याच बाजारपेठेच्या परिघातली गावे शोधा. दूरच्या कुंभारगावाकडे नंतर पाहू.

पेशवाईतल्या आणि कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या कागदांत माणसाचे नाव ‘रामजी बिन सखोजी कुंभार, मौजे अमुक’ अशा धाटणीने येते. बिन म्हणजे मुलगा. काही कागदांत त्यापुढे कुळाचे नावही असते: ‘सखोजी जाधव कुंभार’. इथेच खरी किल्ली आहे. 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून इंग्रजांची नवी जमीन मोजणी सुरू झाली, ती पुढे दख्खनभर पसरली. मग शाळा आल्या, आणि 1881 मध्ये देशभर एकाच वेळी खानेसुमारी झाली. प्रत्येक ठिकाणी छापील रकाने आले. ज्या घराचे दोन शब्द होते त्याचा एक शब्द रकान्यात राहिला आणि दुसरा बाहेर पडला. पुणे, नगरकडे बऱ्याच घरांत कुळाचे नाव राहिले आणि धंदा जातीच्या रकान्यात गेला. सातारा, सांगली, कोल्हापुराकडे आणि पलीकडे बेळगाव, विजापुराकडे धंद्याचाच शब्द आडनाव म्हणून टिकला. त्यामुळे दोन चुलत घराण्यांपैकी एक आज जाधव आणि दुसरे कुंभार असणे अगदी शक्य आहे.

आता गावांच्या नावांकडे येऊ. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे कागदाबरोबर जमीनही वाचावी लागते.

कुंभाराचे नाव असलेले प्रत्येक गाव एकाच कारणाने तसे म्हटले गेलेले नाही. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात कुंभारखाणी आहे, बुद्रुक आणि खुर्द अशी दोन. हे नाव स्वतःच पुरावा देते: खाण म्हणजे माती काढण्याची जागा. इंदापूर तालुक्यातले कुंभारगाव आज उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित पक्षी पाहणाऱ्यांना माहीत आहे. भीमेकाठची गाळाची माती डोळ्यांसमोर आणली तर तिथे मातीकाम करणारे का राहिले असतील ते समजते. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातही एक कुंभारगाव आहे. या दोन कुंभारगावांचा एकमेकांशी संबंध लावण्याचे कारण नाही. नदी आणि चिकण माती जिथे जिथे भेटली तिथे असे नाव पुन्हा पुन्हा पडू शकते. गोव्यातल्या कुंभारजुवेतला ‘जुवे’ म्हणजे बेट, आणि ते खरोखरच मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या खाडीच्या काठचे बेट आहे.

जालना जिल्ह्यातले कुंभार पिंपळगाव वेगळ्या प्रकारचे. मराठवाड्यात पिंपळगावे इतकी आहेत की नुसते पिंपळगाव म्हणून पत्र पोचायचे नाही. मग मागे-पुढे एक शब्द जोडून ओळख पटवायची. पिंपरी-चिंचवडमधले पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर, लातूर जिल्ह्यातली कासार सिरसी, कऱ्हाडजवळचे कासार शिरंबे ही याच पठडीतली नावे. अशा नावात मूळ गाव झाडाचे किंवा आणखी कशाचे असते आणि धंदा ही नंतर जोडलेली खूण असते. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये याचे हुबेहूब उदाहरण आहे. तिथे नासपतीच्या झाडावरून ‘पेरी’ नाव पडलेली दोन गावे शेजारी होती. एकाला जमीनदार घराण्याचे नाव जोडून पॉलर्सपरी झाले, दुसऱ्याला तिथल्या कुंभारांवरून पॉटर्सपरी. त्या दुसऱ्या गावी मध्ययुगात भांड्यांचा मोठा धंदा होता. पिंपळाचे गाव कुंभारांमुळे वेगळे ठरले आणि नासपतीचे गावही कुंभारांमुळेच वेगळे ठरले; कोणी कोणाचे अनुकरण केलेले नाही. युरोपातल्या आडनावांचेही तसेच: इंग्रजीतले पॉटर, हंगेरीतले फाझेकाश, रशियातले गोंचारोव्ह ही सगळी कुंभारांची, आणि चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या इटलीच्या जॉर्जो वासारी यांचे घराणेही भांडी घडवणाऱ्यांचेच.

तिसरा प्रकार फसवा आहे: नावात ‘कुंभ’ आहे पण कुंभार नाही. सह्याद्रीत कुंभा नावाचे झाड सर्रास आढळते. चैत्राच्या सुमारास त्याला गुलाबी-पांढऱ्या केसरांची मोठी फुले येतात, आणि पुढे हिरवी गोल फळे धरतात. महाडजवळ शिवथरची तीन गावे आहेत: कसबे शिवथर, आंबे शिवथर आणि कुंभे शिवथर. एकाला आंबा जोडला आहे, तेव्हा शेजारच्या कुंभेमध्ये कुंभार शोधण्यापेक्षा कुंभ्याचे झाड मानणे सरळ आहे. माणगाव तालुक्यातल्या, धबधब्यासाठी प्रसिद्ध झालेल्या कुंभे गावाबद्दलही मी आधी झाडाचाच विचार करीन. राजस्थानातल्या कुंभलगडाचे नाव राणा कुंभावरून पडले, तोही या यादीत येत नाही.

मग कुंभार्ली? चिपळूण आणि कऱ्हाड जोडणारा कुंभार्ली घाट सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि तुमच्या आजोबांच्या ‘आपण घाटाखालचे’ या वाक्यामुळे तुमची नजर तिकडे गेली हे स्वाभाविक आहे. या नावात ‘र’ आहे, म्हणून नुसत्या कुंभ्यापेक्षा कुंभार जवळचा वाटतो. रायगड जिल्ह्यात रसायनीजवळ चांभार्ली आहे. धंद्याच्या नावाला तोच शेवट लागलेला. कोकणातल्या डोंबिवली, कांदिवलीसारख्या नावांचा शेवट ‘पल्ली’ म्हणजे वस्ती या शब्दापर्यंत नेला जातो, आणि कुंभार्लीलाही तीच वाट लागू पडते असे माझे मत आहे. पण ते कुंभारांच्या वस्तीचे गाव ठरले तरी तुमचे आडनाव तिथून आले असे होत नाही. गाव सोडून गेलेल्या माणसाला नव्या जागी गावाच्या नावाने ओळखतात, आणि त्यासाठी मराठीत ‘कर’ आहे. पुरंदर तालुक्यात कुंभारवळण हे गाव आहे आणि पुणे जिल्ह्यात कुंभारकर हे आडनावही आहे. ‘कुंभारकर’ वाचले की आधी गाव शोधावे, धंदा नंतर. विदर्भातले ‘कुंभारे’ तर निरनिराळ्या समाजांत आढळते, तिथे आडनावावरून जात किंवा धंदा ठरवायला जाऊच नये.

तुमच्या शोधाची सुरुवात कुठून करावी ते आता सांगतो. तहसील कार्यालयात जुना गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि पणजोबा जिथे शिकले असतील त्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहा. जमीन असेल तर जुने फेरफार मागवा. इनामी, म्हणजे दुमाला जमिनींची नोंद गाव नमुना 3 मध्ये असते. तिथे कुंभाराच्या चाकरीची जमीन दाखवली असेल तर तुमचे घर त्या गावचे वतनदार होते हे पक्के होते, आणि मग त्याच्या मागचे कागद पुरालेखागारात शोधण्यासारखे असतात. शेतांची नावेही विचारा. कुंभारकी, कुंभारखाण असे एखादे शेत अजून बोलण्यात असेल, तर ते कोणाच्या ताब्यात होते ते फेरफारावरून मागे नेता येते.

मोडीतली नोंद वाचताना एक धोका आहे. रकान्यात नुसते ‘कु’ एवढेच लिहिले असेल तर ते कुंभार असेल, कुणबी असेल किंवा कुलकर्णीही असेल. त्या एका ओळीवर निर्णय घेऊ नका. त्याच वहीची पुढची-मागची पाने वाचा, तोच कारकून इतरांसाठी काय संक्षेप वापरतो ते पाहा, आणि तोच माणूस दुसऱ्या वहीत पूर्ण शब्दात सापडतो का ते तपासा.

कागदाबाहेर दोन ठिकाणे आहेत. सांगली, कोल्हापूर आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरतात. तुमच्या भावकीकडे त्यांतले कोणी येत असतील तर त्यांच्याकडची नोंद तारीखवार नसली तरी गावांचा क्रम सांगते. दुसरे म्हणजे पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिथे यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले मूळ गाव असते, आणि पुष्कळदा गळून गेलेले कुळाचे नावही. तिथे गेल्यावर ‘कुंभार’ विचारू नका, ती पाने संपायची नाहीत. गाव विचारा, मग पणजोबांचे नाव.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कुलदैवत आणि देवक मात्र आजच लिहून घ्या. जोतिबा किंवा खंडोबा असेल तर त्यातून गाव कळणार नाही, कारण ती दैवते साऱ्या मुलखाची आहेत. पण वर्षातून एकदा नारळ ठेवायला एखाद्या कोकणातल्या गावदेवीकडे जाण्याची चाल असेल, तर आजोबांच्या ‘घाटाखालचे’ या शब्दाला तो सगळ्यांत बळकट आधार आहे. तसे असेल तर त्या देवीच्या गावाचे नमुना 14 आणि नमुना 3 आधी काढा, कुंभार्लीचे नंतर.